गडहिंग्लजच्या हॉस्पिटलाविषयी

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. तुझे डॉक्टर मेव्हणे गडहिंग्लजला तीस खाटांचं हॉस्पिटल काढतायत, हे वाचून फार बरं वाटलं. आजरा-चंदगडच्या पेशंटला रात्री-अपरात्री कोल्हापूर गाठायला लागू नये, ही त्यांची तळमळ खरी आहे. पण तुझा प्रश्न नेमका आहे : करोनात खाट मिळत नव्हती, तरी हॉस्पिटलं कर्जात कशी गेली? हे कर्ज काढायच्या आधी समजून घ्यायला पाहिजे, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे लहान हॉस्पिटल जगतं ते ठरवून केलेल्या ऑपरेशनांवर. हर्निया, मोतीबिंदू, गर्भाशय, गुडघा. पेशंट दोन-तीन दिवसांत घरी जातो, ओटी (ऑपरेशन थिएटर) रोज चालते, आणि त्यातून उरलेल्या पैशावर आयसीयू आणि कॅज्युअल्टी तगतात. मार्च २०२० मध्ये ही ऑपरेशनं थांबली. ओटीचा हप्ता, एसीचं बिल, भूलतज्ज्ञांना कबूल केलेला किमान मेहनताना चालूच राहिला. रिझर्व्ह बँकेनं हप्त्यांना आधी तीन महिने आणि मग ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत सवलत दिली, पण व्याज थांबलं नव्हतं. पुढं ढकललेल्या हप्त्यांचं व्याज मुदलावर बसलं.

त्यात दर बांधलेले. मे २०२० मध्ये राज्य सरकारनं खासगी हॉस्पिटलांच्या ८० टक्के खाटांसाठी रोजचे कमाल दर ठरवले : साधा आयसोलेशन वॉर्ड ४,००० रुपये, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयू ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,०००. खाट, नर्सिंग, जेवण, डॉक्टरांची तपासणी, नेहमीची औषधं, रोजच्या तपासण्या सगळं त्यातच. सीटी स्कॅन आणि महागडी औषधं तेवढी वेगळी. जून २०२१ मध्ये शहरांचे वर्ग पाडले. कोल्हापूर जिल्ह्याचं ठिकाण, म्हणून ‘ब’ वर्गात : ३,०००, ५,५०० आणि ६,७००. गडहिंग्लजसारख्या गावांना ‘क’ वर्ग : २,४००, ४,५०० आणि ५,४००. दर बांधले ते योग्यच होतं असं मी मानतो. नाहीतर दागिने विकूनही माणसं सुटली नसती. पण गाव लहान म्हणून सिलिंडर स्वस्त मिळत नाही. उलट वाहतूक जास्त पडते. ‘क’ वर्गाचा दर ठरवताना ही बाब पुरेशी धरली गेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑक्सिजनचा हिशोब मेव्हण्यांना स्वतः मांडायला सांग. मोठा डी टाइप सिलिंडर म्हणजे ७ घनमीटर, ७,००० लिटर. मास्कवर मिनिटाला १० लिटर लागणाऱ्या पेशंटला तो साडेअकरा तास पुरतो. तोच पेशंट नाकातून जोरानं ऑक्सिजन देणाऱ्या हाय फ्लो मशीनवर ६० लिटरनं, शंभर टक्के ऑक्सिजनवर गेला, की सिलिंडर दोन तासही टिकत नाही. दिवसाला बारा-तेरा सिलिंडर, एका माणसाला. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्रानं सिलिंडरमधल्या ऑक्सिजनचा कमाल दर घनमीटरला २५ रुपये ७१ पैसे ठरवला, जीएसटी आणि वाहतूक वेगळी. त्या दरानंही दिवसाला सुमारे २,२०० रुपयांचा नुसता वायू झाला. ४,५०० च्या खाटेशी हे ताडून बघ.

यात जीएसटीचा फास वेगळाच. उपचारावर जीएसटी नाही, त्यामुळं हॉस्पिटलला खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावटही मिळत नाही. व्हेंटिलेटर, मॉनिटर, पीपीई, सगळ्यावरचा कर अंगावर. जून २०२१ मध्ये ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटरवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आणला, तोही सप्टेंबरअखेरपर्यंतच. ज्यांनी आधी घाईनं मशिनरी घेतली त्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही.

आणि माणसं. दहा खाटांच्या आयसीयूत दोन पेशंटमागं एक सिस्टर धरली, तर पाळीला पाच. तीन पाळ्या आणि साप्ताहिक सुट्टी धरून अठरा. पीपीई घालून सहा तासांवर काम होत नाही, म्हणून चार पाळ्या : चोवीस. शिवाय आजारी पडणाऱ्यांच्या बदली. त्या सिस्टरांना पगार वाढवून द्यायलाच हवा होता, त्यात काटकसर करणाऱ्यांची माणसं टिकली नाहीत आणि मग खाटा असून बंद ठेवाव्या लागल्या.

आता मुख्य दुखणं. पैसे जायचे त्याच दिवशी : सिलिंडरवाला रोख, औषधवाला आगाऊ, कारण त्यालाही कंपनी उधार देत नव्हती. यायचे मात्र सावकाश. महात्मा फुले योजना, म्हणजे सरकारी खर्चानं उपचाराची योजना, मे २०२० पासून राज्यातल्या सगळ्यांना खुली झाली, हे मोठंच काम झालं. पण योजनेचं असो की विमा कंपनीचं, बिल पोर्टलवर चढवलं की शंका येते : रोजचा चार्ट नाही, रक्तातल्या वायूंच्या तपासणीचा (एबीजी) रिपोर्ट नाही, एक्स-रेवर तारीख नाही. पीपीईमधून लिहिलेले कागद अपुरे राहिले आणि क्लेम अडकले किंवा कापले गेले. कागदावर नफा, बँकेत ओव्हरड्राफ्ट, अशी गत.

जिल्ह्याचंही तसंच झालं, आणि हा धागा तू उद्योगातला माणूस असल्यानं लगेच पकडशील. २२ एप्रिल २०२१ पासून मोजकी क्षेत्रं सोडून उद्योगांचा ऑक्सिजन बंद केला गेला. जीव वाचवायला ते करायलाच हवं होतं. पण शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत भंगार कापणं, प्लेट कापणं, स्टील कास्टिंगवर उरलेले जादा धातूचे खुंट (रायझर) कापणं सगळं त्याच वायूवर. तिथं काम थांबलं की कामगाराच्या घरी पगार अर्धा. त्याच घरात कोणी आजारी पडलं, तर डिपॉझिट भरायला पतसंस्थेत सोनं तारण. मग गुजरीतल्या सराफांकडं खरेदी कोण करणार, आणि हुपरीच्या चांदीला गिऱ्हाईक कुठलं? इचलकरंजीत परप्रांतीय कामगार गेले आणि माग थांबले. अंबाबाईचं मंदिर मार्च ते नोव्हेंबर २०२० आणि पुन्हा एप्रिल ते ऑक्टोबर २०२१ बंद. जोतिबाची चैत्र यात्रा दोन्ही वर्षं नाही. महाद्वार रोडला देवीच्या ओटीचं सामान आणि फुलं विकणाऱ्याला बुडालेला दिवस परत मिळत नाही. फौंड्रीची ऑर्डर निदान पुढं सरकते.

ऊस आणि दूध होतं म्हणून खेडी उभी राहिली. तिथंही हॉटेलं, मिठाईची दुकानं बंद झाल्यावर दुधाची पावडर करावी लागली आणि गाईच्या दुधाचा दर पडला.

मेव्हण्यांना चार कामं आत्ताच करायला सांग. ओटीला स्वतंत्र जिना आणि स्वतंत्र दार ठेवा, म्हणजे पुन्हा साथ आली तरी ऑपरेशनं चालू राहतील. नकाशात हे स्वस्त पडतं, नंतर भिंती फोडून फार महाग. तीन महिन्यांचे पगार, वीज आणि हप्ते एवढी रक्कम वेगळ्या ठेवीत, जिला मशिनरीसाठी हात लावायचा नाही. क्लेमचे कागद डिस्चार्जच्याच दिवशी चढवायचे, त्यासाठी एक माणूस पक्का, जो दुसरं काही करणार नाही.

चौथं ऑक्सिजनचं, आणि इथं घाई नको. हवेतून ऑक्सिजन काढणारा ५०० लिटरचा पीएसए प्लांट मिनिटाला तेवढाच वायू देतो : मास्कवरचे पन्नास पेशंट किंवा हाय फ्लोवरचे आठ. शुद्धता ९३ टक्क्यांच्या आसपास. कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळं जनरेटर त्याच्या ताकदीचा हवा. आणि हवा सुकवणारा ड्रायर बिघडून दमट हवा आत गेली, की नायट्रोजन शोषून घेणारं झिओलाइट खराब होतं आणि शुद्धता उतरते. प्लांट महिनोन् महिने बंद ठेवणं हेच त्याचं मरण. २०२१ मध्ये अशा प्लांटसाठी सरकारी हमीवर २ कोटींपर्यंत साडेसात टक्क्यांच्या आत कर्ज मिळत होतं, म्हणून अनेकांनी गरज न मोजता घेतले. तीस खाटांना दोन बाजूंचा सिलिंडर मॅनिफोल्ड (अनेक सिलिंडर जोडून पाइपलाइनला वायू देणारी जोडणी), स्वतःच्या मालकीचे सिलिंडर आणि घट्ट पाइपलाइन हे आधी. गळती शोधायला रात्री सगळ्या खाटांचे आउटलेट बंद करून मॅनिफोल्डचा व्हॉल्व्ह मिटायचा आणि गेजवर तासभर नजर ठेवायची. काटा उतरला, तर जोडावर साबणाचं पाणी. वॉर्डबॉयलाही जमतं.

एक विचारायचं राहिलं. जागा हिरण्यकेशीच्या पूररेषेपासून किती उंच आहे? जुलै २०२१ मध्ये लाट चालू असतानाच पूर आला आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. रस्ते तुटले की कोल्हापूरहून सिलिंडर येणार कसे? मॅनिफोल्डची खोली आणि जनरेटर तळमजल्यावर दाखवले असतील, तर प्लॅन मंजुरीला देण्याआधी मला पाठव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
प्रकाश