बोअर, गाळ आणि शाळू : आई-बाबांना पत्र

पुणे,
दि. 4 मे 2025

तीर्थरूप बाबा व तीर्थरूप आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आखितीला फोनवर आपले बोलणे अर्धवट राहिले, आणि जेवढे झाले तेवढेही मी नीट बोलले नाही. बाबा, तुम्ही बोअरसाठी दोन लाख रुपये मागितलेत आणि मी “बघते” एवढे म्हणून फोन ठेवला. वडिलांनी पहिल्यांदाच काही मागावे आणि मुलीने असे तुटक उत्तर द्यावे, हे मला चार दिवस टोचत आहे. म्हणून सविस्तर लिहीत आहे. पैसे माझ्याकडे नाहीत असे नाही. बोअरसाठी मात्र मी ते देणार नाही, आणि का देणार नाही ते तुम्ही शेवटपर्यंत वाचावे एवढीच विनंती आहे.

शेजारच्या शिवारात पाचशे फुटांवर दोन इंच पाणी लागले आणि तिथे डाळिंबाची नवी लागण सुरू झाली, हे दादाने सांगितले. ते पाहून तुमचा जीव खाली-वर झाला असणार, हे मी समजू शकते. पण आपले दोन बोअर आठवावेत. पहिला 2003 च्या दुष्काळात तीनशे फुटांवर थांबवला, कारण पैसे संपले होते. दुसरा 2013 मध्ये साडेपाचशे फूट खाली गेला आणि वर आली ती नुसती धूळ. दोन्ही वेळा पाणी शोधणाऱ्या पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला होता. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी असते ते वरच्या मुरुमात आणि झिजलेल्या थरात. त्याखाली अखंड खडक लागतो आणि त्यात एखादी भेग सापडली तरच पाणी लागते. ती भेग सापडणे हे नशीब आहे आणि सापडलेली भेग टिकणे हे त्याहून मोठे नशीब, कारण तिच्यातले पाणी वरूनच, वर्षानुवर्षे झिरपून, आलेले असते. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्याने 60 मीटरच्या, म्हणजे जवळपास दोनशे फुटांच्या, पुढच्या विहिरीला “खोल विहीर” म्हणून वेगळे काढले आहे. आपल्या शिवारात आज दोनशे फुटांवर कोणी थांबतच नाही. शेजाऱ्याने पाचशेला काढले म्हणून आपण सातशेला जायचे, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याने आपल्याखाली नऊशेला जायचे, या शर्यतीत पाच एकरवाल्याने उतरूच नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पहिल्यांदा दम सुटणार तो त्याचाच.

डाळिंबाविषयी मी जास्त लिहीत नाही, ते दुखणे घरातले आहे. सांगोल्याच्या डाळिंबाने अनेकांची पक्की घरे उभी केली, हे मी नाकारत नाही. आपली बाग मात्र तेल्या रोगाने गेली. त्याआधीच्या उन्हाळ्यात विकतचे टँकर ओतून ती जगवताना आईच्या पाटल्या गहाण पडल्या आणि त्या परत आल्या नाहीत. आई त्याबद्दल एक शब्द बोलत नाही, पण लग्नकार्याला जाताना ती हात पदराखाली घेते, हे मी पाहिले आहे.

आता माझा हिशेब. आपल्याकडे वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही बेभरवशाचा. तरीही एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे चार हजार लिटर पाणी होते. पाचशे मिलिमीटर म्हणजे एकरी वीस लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दोनशे टँकर. आपल्या पाच एकरांवर असे हजार टँकर दर वर्षी फुकट ओतले जातात. पाऊस निम्मा झाला तरी पाचशे टँकर होतात. त्यांतले किती आपल्या रानात मुरतात आणि किती ओढ्याने माणगंगेकडे निघून जातात, हा खरा प्रश्न आहे. दोन लाख रुपये जमिनीच्या पोटात घालण्याआधी जमिनीच्या पाठीवर काय करता येते ते पाहावे, असे मला वाटते.

बाबा, गावाच्या वरच्या अंगाचा पाझर तलाव तुम्ही माझ्यापेक्षा चांगला ओळखता. 1972 च्या दुष्काळात त्याचे काम निघाले तेव्हा तुम्ही एकोणीस वर्षांचे होता. आजी पाटीने माती वाहत होती आणि तुम्ही टिकाव मारत होता. कामावर मिळणारी सुकडी आजी पदरात बांधून धाकट्या काकांसाठी घरी आणत असे आणि परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी कोणाच्याच घशाखाली उतरत नसत, हे तुम्हीच आम्हाला शेकोटीपाशी सांगितले आहे. त्याच दुष्काळातून राज्याची रोजगार हमी उभी राहिली. पुढे तिचा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला, आणि देशभराच्या रोजगार हमी कायद्याआधी पंचवीसहून अधिक वर्षे महाराष्ट्राने ती चालवली. तलाव मात्र बांधून विसरला गेला. आज त्यात निम्म्याहून जास्त गाळ आहे. हा गाळ म्हणजे आपल्याच शिवारांची धुऊन गेलेली माती आहे. 2017 पासून “गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार” या योजनेतून असा गाळ शेतकऱ्यांना नेता येतो, आणि दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला तो वाहण्यासाठी अनुदानही आहे. आपले पाच एकर त्या मर्यादेच्या अगदी काठावर आहेत. ग्रामपंचायतीत चौकशी करायला मी दादाला सांगितले आहे.

माझे म्हणणे असे आहे, की आपल्या माळाच्या तीन एकरांवर हा गाळ पसरावा. तिथे वीतभर मातीखाली मुरूम लागतो. पाऊस पडला की तासाभरात पाणी पळते आणि आठवड्यात पीक माना टाकते. त्या मातीला पाणी धरायला जागाच नाही, त्यामुळे बोअर घेतला तरी तिला दर चार दिवसांनी पाणी पाजावे लागेल. गाळाचा थर पसरला, बांध दुरुस्त केले आणि पेरणी उताराला आडवी केली, तर तीच जमीन पाणी धरू लागेल. यंत्राचे भाडे आणि ट्रॉल्या धरून दादाने 45,000 रुपयांचा अंदाज सांगितला आहे. अनुदान मिळो वा न मिळो, ही रक्कम मी देते. मात्र काम मृग निघण्याच्या आत, म्हणजे फार तर महिन्याभरात, उरकले पाहिजे. एकदा तलावात पाणी आले की वर्ष गेले.

दुसरी गोष्ट आजोबांच्या विहिरीची. ती 48 फूट खोल आणि 25 फूट व्यासाची आहे, हे मी दिवाळीत दोरीने मोजले होते. तिच्यात तीस फूट पाणी साठले, तर ते सुमारे चार लाख लिटर होते. ओढ्याकाठच्या दोन एकर काळ्या रानाला दोन इंचांचे एक पाणी द्यायला एवढेच लागते. शाळूला, म्हणजे आपल्या रब्बी ज्वारीला, हवे असते ते हेच एक संरक्षित पाणी, पीक पोटरीत म्हणजे कणीस बाहेर पडण्याच्या बेतात असताना, पेरणीनंतर पन्नासाव्या-पंचावन्नाव्या दिवसाच्या आसपास. म्हणून विहिरीचा गाळ काढावा, ढासळलेली बाजू बांधून घ्यावी आणि ओढ्याचे पुराचे पाणी आधी दगड, खडी आणि वाळू भरलेल्या खड्ड्यातून गाळून मग विहिरीत सोडावे. गढूळ पाणी थेट सोडले तर दोन वर्षांत विहीर पुन्हा भरून जाईल. यासाठी आणखी साठ हजार लागतील. तेही मी देईन. दोन्ही मिळून बोअरच्या खर्चाच्या निम्म्याच्या आसपासच होतात.

तुम्ही म्हणाल की शाळूत काय मिळते? हा तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि कोरडवाहूचे गुणगान करणाऱ्या शहरी लोकांनी त्याचे उत्तर कधी दिलेले नाही. उसाला कायद्याने ठरवलेला दर आहे, गहू-तांदळाला सरकारी खरेदी आहे. आपली मालदांडी ज्वारी मात्र बाजारात जो भाव निघेल त्या भावाने जाते. कमी पाण्यात धान्य आणि कडबा दोन्ही देणाऱ्या पिकाला आणि ते पिकवणाऱ्याला असे वाऱ्यावर सोडणे मला अन्यायाचे वाटते. 2023 हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, पुण्यात त्याची प्रदर्शने भरली आणि ज्वारीची बिस्किटे महाग झाली. तुमच्या दारात मात्र व्यापाऱ्याने किलोला 28 रुपयेच मोजले. तोच शाळू मी इथे दुकानातून 60 रुपयांनी आणते आणि भाकरीला तो तुमच्यासारखा नसतो. म्हणून मी आमच्या इमारतीत विचारले. अकरा घरांनी वर्षाची ज्वारी आपल्याकडून 45 रुपयांनी घ्यायचे कबूल केले आहे. एकूण आठ क्विंटल होते. फार नाही, पण सुरुवातीला पुरे आहे. आईने एकच काळजी घ्यावी. पहिल्या खेपेची ज्वारी दोनदा उन्हात तापवून आणि चाळून पाठवावी, कारण एका घरात किडा निघाला की अकराही घरे जातील.

लागवडीविषयी तुम्हाला सांगणे म्हणजे लहान तोंडी मोठा घास. तरी राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस जमिनीच्या खोलीप्रमाणे वाणाची आहे, एवढे लक्षात आणून देते: हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा किंवा आपली मालदांडी, भारीला फुले वसुधा. तुम्ही सगळीकडे मालदांडी पेरता आणि माळावर ती दर वर्षी दाणा भरण्याआधीच वाळते. यंदा माळावर बाजरीत तूर आणि कडेला हुलगा-मटकी घ्यावी, काळ्या रानात जून-जुलैतच सारा यंत्राने कप्पे पाडून पाऊस जागच्या जागी अडवावा, आणि शाळू सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, ओल हाताशी असताना पेरावा. हस्ताची वाट पाहत बसलो की ओल खाली जाते. कोळपणीचे तर तुमचेच शब्द आहेत: एक कोळपणी, अर्धे पाणी. तिसऱ्या आठवड्यात फटीचे, पाचव्यात पासेचे आणि आठव्यात दातेरी कोळपे फिरले पाहिजे. आठव्या आठवड्यातली ती शेवटची कोळपणी गेल्या दोन वर्षांत मजूर नाहीत म्हणून राहून गेली आणि भेगांमधून सगळी ओल उडाली. त्या मजुरीची तजवीज आधीच करून ठेवावी.

एकट्याने करून भागणार नाही, हेही खरे. आपण पाणी मुरवायचे आणि शेजाऱ्याच्या बोअरने ते ओढायचे, असे होऊ शकते. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा वाटा कोणाकडे किती जमीन आहे यावर ठरत नव्हता, तर घरात किती माणसे आहेत यावर ठरत होता. माणशी अर्धा एकर, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, ऊस वर्ज्य, आणि भूमिहीनालाही पाण्याचा हक्क, असे ते नियम होते. आज वाचताना ते स्वप्नासारखे वाटतात, आणि सगळीकडे ते टिकले नाहीत हेही खरे आहे. आपल्या गावात तसे लगेच होईल असे मी म्हणत नाही. पण आपल्या ओढ्याला लागून चारच खातेदार आहेत आणि चौघेही तुमच्या शब्दाला मान देतात. गाळण खड्डा चौघांनी मिळून करायचा आणि पाच वर्षे ओढ्याकाठी नवा बोअर कोणी घ्यायचा नाही, एवढे जरी पारावर बसून ठरले तरी खूप होईल. शेजारच्या डाळिंबवाल्यालाही बोलवावे. त्याचा बोअर आपल्या ओढ्यावरच जगणार आहे.

शेळ्यांचे आईने आधीच ठरवले आहे असे वहिनीने सांगितले, त्यामुळे त्यावर मी जास्त लिहीत नाही. उस्मानाबादी घ्याव्यात आणि चारच घ्याव्यात. 2019 मध्ये चारा छावणीत बाबांनी जनावरांजवळ काढलेल्या रात्री मला विसरता येत नाहीत, म्हणून कडबा विकण्याआधी घरच्या जनावरांचा वर्षभराचा वेगळा काढून ठेवावा. पीककर्ज जूनमध्ये नवे-जुने करून घ्यावे. वेळेत फेडले की तीन लाखांपर्यंत व्याज पडत नाही, आणि सावकाराचा उंबरा चढण्याची वेळ येत नाही.

बाबा, एक गोष्ट संकोचाने लिहिते. या रानात आईचे हात तुमच्याइतकेच राबले आहेत, पण सातबाऱ्यावर तिचे नाव नाही. त्यामुळे विहिरीच्या कामाच्या अर्जापासून विम्यापर्यंत प्रत्येक कागदाला तुम्हालाच तालुक्याला जावे लागते आणि तुमचे गुडघे आता एसटीच्या पायऱ्या मानत नाहीत. नवऱ्याने स्वखुशीने अर्ज केला तर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय 1992 च्या लक्ष्मी मुक्ती योजनेपासून आहे. त्याला खर्चही येत नाही. दादाशी मी बोलले आहे, त्याची हरकत नाही. आई, तू “मला कशाला” असे म्हणशील हे माहीत आहे, म्हणूनच हे तुला न विचारता बाबांना लिहिले.

मी शनिवारी पहाटेच्या गाडीने निघते आणि दुपारपर्यंत पोहोचते. पैसे बरोबर आणत आहे. दादाला सांगून पहार आणि फावडे काढून ठेवावे. माळाच्या तिन्ही पट्ट्यांत हातभर खड्डे घेऊन मुरूम कुठे किती खोल आहे ते आपण दोघे पाहू, म्हणजे गाळ कुठे जास्त टाकायचा ते ठरेल. बोअरवाल्याला तुम्ही पाच हजारांचा विसार दिला आहे असे कळले. तो परत देतो म्हणाला तर घ्यावा, नाही म्हणाला तर वाद घालू नये, तो माझ्याकडून गेला असे समजावे.

आपली धाकटी