आवाहन : आपल्या स्टॉपरच्या गुडघ्यासाठी

पेठेतली सगळी मंडळी, तालमीचे आजी-माजी खेळाडू आणि पुण्या-मुंबईला नोकरीला असूनही मॅचच्या दिवशी ‘काय झालं रे?’ म्हणून हमखास फोन करणारे आपले सगळे लोक, यांना तालमीचा नमस्कार.

गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच संपायला दहा मिनिटं असताना आपला स्टॉपर, म्हणजे बचावफळीतला मधला खेळाडू, हेड मारायला उडाला आणि खाली येताना त्याचा उजवा गुडघा आत वळला. गॅलरीत हलगी वाजत होती, त्यामुळं बऱ्याच जणांना काही कळलंच नाही. शेजारी उभ्या असलेल्या पोरांनी मात्र आवाज ऐकला. एमआरआयमध्ये लिगामेंट पूर्ण तुटलेला आणि गुडघ्यातली गादी फाटलेली निघाली.

नाव छापू नका, असं त्यानं हात जोडून सांगितलंय. पेठेत ते सांगायची गरजही नाही.

सोळाव्या वर्षी तो आपल्या संघात आला, त्याला वीस हंगाम झाले. आपण केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या) खालच्या डिव्हिजनमध्ये खेळणारे. आपल्याकडं मोठा स्पॉन्सर नाही, बाहेरचे खेळाडू आणायची ऐपत नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला, तेव्हा आपणही गुलाल उधळला. पण गावातलं फुटबॉल दर हंगामाला उभं राहतं ते दिवसभर कामावर राबून संध्याकाळी स्टडचे बूट चढवणाऱ्या पोरांच्या जिवावर. हा त्यातलाच. उद्यमनगरात लेथवर काम करतो. वरच्या डिव्हिजनच्या संघांनी त्याला दोनदा बोलावलं, पैसेही बरे देत होते. तो गेला नाही. का गेला नाहीस, असं आम्ही कधी विचारलं नाही, आणि आता त्याची थोडी लाज वाटते.

गांधी मैदानावर सकाळी साडेपाचला कधी गेला असाल, तर तो दिसला असेलच. पत्र्याच्या डब्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडलेली, डब्यात फक्की (रेघा मारायची पांढरी पूड), आणि हा वाकून पेनल्टी बॉक्सची रेघ मारतोय. पोरं यायच्या आत ग्राउंड आखून तयार. त्याच्या हाताखालची आठ-दहा पोरं आज आपल्याच संघात खेळतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी गल्लीत चढलं, तेव्हा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरची गॅसची टाकी, धान्याचे डबे खांद्यावर घेऊन वरच्या मजल्यावर पोचवत होता. स्वतःच्या घरातलं कपाट भिजलं, हे आम्हाला चार दिवसांनी कळलं.

ऑपरेशन दुर्बिणीतून होईल. खर्च पावणेदोन लाखांच्या घरात. पण खरी अडचण पुढं आहे. फिजिओथेरपी किमान सहा महिने चालते आणि आपली पोरं नेमकी तिथंच चुकतात. घरात पैसा लागतो म्हणून दोन महिन्यांत कामावर जातात आणि गुडघा कायमचा अधू करून घेतात. लेथवर आठ तास उभं राहायचं, खाडा झाला की पगार नाही. घरी बायको, दोन मुलं, आई. म्हणून आम्ही नुसत्या ऑपरेशनसाठी नाही, तर या सहा महिन्यांच्या घरखर्चासाठीही हात पसरतोय. एकूण तीन लाख रुपये हवेत. खेळाडू आणि कमिटीनं मिळून ६२ हजार जमवलेत.

मदत रोज संध्याकाळी ७ ते ९ तालमीत द्या आणि पावती घ्याच. ऑनलाइन पाठवायचे असतील, तर क्यूआर कोड तालमीतल्या फळ्यावर लावलाय. रस्त्यात कुणी आपलं नाव सांगून पैसे मागितले, तर देऊ नका. ऑपरेशनचे पैसे थेट हॉस्पिटलात भरू, सगळी बिलं फळ्यावर लावू. काही उरलेच, तर ज्युनियर पोरांना स्टड घेऊ, ही त्याचीच अट आहे.

शंभर रुपये दिलेत तरी चालेल. पैसे देणं जमत नसेल, तर दुसरं एक काम आहे. आठवड्यातून तीन दिवस त्याला फिजिओथेरपीला न्यायचं-आणायचं आहे. रिक्षा किंवा चारचाकी असलेल्यांनी आपला वार तालमीतल्या वहीत लिहून जावा. मंगळवार आणि शनिवार अजून मोकळे आहेत.

आपली,
तालमीची कार्यकारिणी आणि सर्व खेळाडू