बॅगेच्या वरच्या कप्प्यातलं पत्र

पावस, २८ डिसेंबर

ती. आई आणि बाबा,
सा. नमस्कार.

जानेवारीत तुम्ही माझ्याकडे दिल्लीला येताय, तिथल्या थंडीबद्दल थोडं सांगायचंय. तुम्ही दोघं देवळात गेलायत आणि मी पडवीत बसून हे लिहितेय. समोर बाबांच्या हापूसच्या कलमांना मोहोर धरलाय, खळ्यात सुपाऱ्या वाळताहेत, आणि आई, सकाळी तू खोबरेलाची बाटली उन्हात ठेवलीस ती अजून तिथेच आहे. आपल्या घरातली थंडी त्या बाटलीवरूनच कळते. तेल थिजलं की आजी म्हणायची, "आता काढा रे गोधड्या." खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. आपल्याकडे ते पहाटे थिजतं आणि दहा वाजेपर्यंत पुन्हा पातळ होतं. दिल्लीत माझ्या न्हाणीघरातली बाटली डिसेंबरपासून दगडासारखी असते, दिवसाही. रत्नागिरीची जानेवारीतली पहाट १८-१९ अंशांची. दिल्लीत दुपारचं ऊन पडल्यावर जेमतेम २० होतात आणि पहाटे ७-८. हे आधी सांगितलं, कारण बाबा परवा म्हणाले, "थंडी आम्हाला नवीन नाही."

बाबा, मागच्या वर्षीची तुमची दिल्लीची खेप मला विसरता येत नाही. लाल किल्ल्याला जायच्या दिवशी काय लख्ख ऊन होतं! तुम्ही तो जाड स्वेटर हातात घेऊन दारात उभे होतात आणि मीच म्हणाले, "राहू दे बाबा, उकडेल." दुपारी अडीचला आभाळ भरून आलं, चारला पाऊस. आपण रिक्षा शोधत उभे राहिलो तेव्हा तुमचा शर्ट खांद्यावर भिजला होता. मी विचारलं, "थंडी वाजतेय का?" तुम्ही म्हणालात, "छे." तिसऱ्या दिवशी छातीत कफ आणि मग चार दिवस हॉस्पिटल. रात्री तुमच्या खाटेशी बसून मी तुमचे तळवे चोळत होते. ते इतके गार होते, की आजही कधी कधी माझ्या हातांना तसेच लागतात. तिथले डॉक्टर म्हणाले होते, वय झालं की शरीराला थंडी उशिरा कळते, कुडकुडणंही कमी होतं, आणि थंडीने रक्तवाहिन्या आवळल्या की रक्तदाब वाढतो. म्हणजे तुमचं "छे" तेव्हा खोटं नव्हतं. तुम्हाला खरंच कळलं नव्हतं. म्हणून या खेपेला वाजतेय का हे मी विचारणार नाही, सरळ तुमचा हात धरून बघेन. तेवढं चालवून घ्या.

एकच जाड स्वेटर नेण्यात घोळ आहे. तो घातला की मेट्रोत आणि जमिनीखालच्या स्टेशनांत घाम येतो, काढला की बाहेरचा वारा घामावर बसतो. आजीची गोधडी आठवा. जुन्या साड्यांचे पातळ पदर एकावर एक ठेवून टाके घातलेले, त्या पदरांत हवा अडकून राहते आणि तीच ऊब धरते. कपड्यांचंही तसंच. म्हणून मी तुमच्या दोघांच्या बॅगेत तीन-तीन पदर ठेवलेत. आत अंगाला चिकटून बसणारं थर्मल, त्यावर लोकरीचा पातळ स्वेटर, आणि वर पाऊस-वारा अडवणारं विंडचीटर. ऊन आलं की वरचा काढा, मेट्रोत चढताना मधलाही काढा, आतला मात्र अंगावरच ठेवा. बाबा, आत सुती बंडी घालू नका, मागच्या वेळी तीच ओली होऊन अंगाला चिकटली होती. सुती कापड घाम पितं आणि लवकर वाळत नाही. लोकर दमट झाली तरी बरीच ऊब धरते.

आई, तू म्हणशील, साडीवर काय घालायचं हे सगळं. परकराच्या आत घालायची लोकरीची लेगिंग ठेवलीय, कोणाला दिसणार नाही. पूर्ण बाह्यांचे दोन लोकरीचे ब्लाउज शिवून आणलेत, गळा तुझ्या नेहमीच्या मापाचा. तुझ्या चपलेत मोजे बसत नाहीत, म्हणून अंगठा वेगळा असलेले मोजे आहेत, पण ते घरात घालण्यासाठी. बाहेर जाताना बूटच घालायचे. साडीखाली बूट बरे दिसत नाहीत हे तुझं म्हणणं मला ठाऊक आहे. दिल्लीत तुझ्या वयाच्या बायका साडीखाली, सलवारखाली बूट घालूनच बाजारात जातात, कोणी वळून बघत नाही. जोडवी रुतत असतील तर बूट एक माप मोठे आणलेत. आणि तिथल्या बहुतेक घरांत खोल्या गरम ठेवायची कायमची सोय नसते, फरशी मात्र बर्फासारखी असते. पहाटे चहा ठेवायला अनवाणी उठू नकोस. रजईत असतानाच स्वेटर चढव आणि मग पाय खाली टाक.

आता हवेचं. बाबा, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल, कारण मोहोरावर डोळे लावून तुम्ही वर्षानुवर्षं आभाळ वाचत आलात. दिल्लीचा हिवाळी पाऊस आपल्या पावसासारखा समुद्रावरून सरळ येत नाही. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेलं पश्चिमी झंझावाताचं ढगाळ वातावरण इराण-अफगाणिस्तान ओलांडत येतं, डोंगरात बर्फ पाडतं आणि मैदानात पाऊस. गव्हाला तो सोन्यासारखा. मळभ असतं तेव्हा रात्री थंडी कमीच असते, हे तुम्ही आंब्याच्या बाबतीतही सांगता. खरी थंडी पडते ती पाऊस सरून आभाळ निवळलं की. वायव्येचा वारा सुटतो, रात्री पारा झपकन उतरतो, आणि सकाळी धुकं. तुमच्या हिशेबाने निवळलेलं आभाळ म्हणजे चांगला दिवस. दिल्लीत मात्र पावसानंतर आभाळ निवळलं, की त्या दिवशी मफलर दुहेरी गुंडाळायचा. आणि धुकं दिवसभर विरलंच नाही तर? २०१९ च्या ३० डिसेंबरला दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत दुपारचं कमाल तापमान ९.४ अंशांवरच राहिलं. असा दिवस आला तर आपण घरीच बसून पत्ते खेळू, मला रजा आहे.

१४ जानेवारीला पानिपतला जायचं ठरलंय. बाबा, तुम्ही हे किती वर्षं म्हणताय! काला आंब या लढाईच्या जागी, जिच्यावरून नाव पडलं ते आंब्याचं झाड तुम्हाला दिसणार नाही, आता तिथे स्मारकाचा स्तंभ आहे. पण भोवतालची जमीन उघडी आहे आणि वारा अडवायला काही नाही. १७६१ च्या त्या दिवसाआधी आपली माणसं तिथे दोन महिन्यांहून जास्त कोंडून पडली होती, उपाशी, गारठलेली. दख्खनच्या हवेत वाढलेली माणसं होती ती. मला वाटतं, तिथे उभं राहिल्यावर तुम्ही तासभर हलणार नाही. म्हणून त्या दिवशी कानटोपी, हातमोजे आणि तिन्ही पदर, सगळं सकाळपासून अंगावर हवं. दिल्लीहून ते ९० किलोमीटरच्या आसपास आहे, पण धुकं असेल तर आपण उशिरा निघू. घाई करायची नाही, जागा कुठे जात नाही.

गाडीतलं थोडं. दिल्लीला येणारी मंगला एक्सप्रेस रत्नागिरीहून सुटली आणि ऊन चढलं, की तुम्हाला पंखा लागेल. तेव्हा स्वेटर मोठ्या बॅगेत टाकून सीटखाली सरकवाल, आणि भुसावळनंतर रात्री तो काढायला वाकता येणार नाही. म्हणून निळी लहान पिशवी उशाशी ठेवा. तिच्यात दोघांच्या शाली, मोजे, कानटोप्या आणि बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. झाशी-आग्र्याकडे धुक्याने गाडी रखडते, तेव्हा खाऊ दोन वेळचा जास्त घ्या. दिल्लीत निजामुद्दीन स्टेशनला उतरण्याआधी डब्यातच स्वेटर घाला. फलाटावर मी असेनच, पण पुढचा डबा की मागचा हे धावपळीत कळत नाही, आणि तोवर तुम्ही उघड्यावर उभे राहाल.

आई, कोकमतेलाचा गोळा नक्की आण. दिल्लीच्या कोरड्या हवेत टाचांना भेगा पडतात आणि माझ्याकडचं कुठलंच क्रीम त्याच्यापुढे टिकत नाही. आजी त्याला मुठेल म्हणायची ना? थोडं गरम करून लावायचं. माझ्यासाठीही एक गोळा आण, मोठा.

नवीन करडी शाल मी मुद्दाम घडी मोडून ठेवलीय. ती कोणाच्या लग्नाला जपून ठेवायची नाही. मागच्या वर्षीची अजून कपाटात कागदात आहे, मी बघितली.

देवळाच्या पायऱ्यांवरून तुमचं बोलणं ऐकू येतंय, म्हणजे मला आता पत्र लपवायला हवं. पनवेल गेलं की फोन करा, आणि भोपाळला जाग आली तर तेव्हाही करा. रात्र असली तरी करा, मी जागीच असेन.

तुमची,
ताई