काकांच्या गोळीबद्दल

परळ, मुंबई

प्रिय सच्या,

काल फोनवर तू एवढा भडकलेला होतास की मला धड बोलताच आलं नाही, म्हणून लिहितोय, सावकाश वाच आणि काकूंनाही वाचून दाखव. तुझं म्हणणं, काकांच्या ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरची, गोळी व्हेनेटोक्लॅक्स नेटवर ४०० मिलिग्रॅम लिहिलीय आणि काकांना १०० च देतायत म्हणजे काहीतरी गोलमाल आहे. नाही रे बाबा. फाइल बघ, बुरशीच्या इन्फेक्शनसाठी व्होरिकोनॅझोल चालू आहे ना? लिव्हरमधलं जे एन्झाइम ही गोळी मोडतं त्यालाच व्होरिकोनॅझोल अडवतं, मग १०० मिलिग्रॅम घेतली तरी रक्तात औषध भरपूर साठतं, ४०० दिली असती तर पंचाईतच होती.

आता दुसरं, गोळी असताना महिन्यातले सात दिवस ॲझासायटिडीन या केमोच्या औषधाची इंजेक्शनं कशाला. हे माझ्या लॅबमधलंच काम, त्यामुळे जरा लांबेल. बिघडलेल्या पेशीने स्वतःहून मरावं अशी सोय तिच्या आतच असते, पण ल्युकेमियाच्या पेशीत बीसीएल-२ नावाचं प्रोटीन त्या मारेकरी प्रोटीनांना, बिम वगैरेंना, धरून ठेवतं. १९८८ साली मेलबर्नच्या लोकांनी दाखवलं की बीसीएल-२ चं जीन पेशींची वाढ करत नाही, त्यांना मरू देत नाही, मला अजूनही हे भारी वाटतं. गोळी बीसीएल-२ च्या खाचेत जाऊन बसते, बिम सुटतं, मग बॅक्स आणि बॅक ही प्रोटीनं मायटोकॉन्ड्रियाला, म्हणजे पेशीच्या पॉवरहाउसला, भोकं पाडतात, आतलं सायटोक्रोम सी हे प्रोटीन बाहेर सांडतं आणि पेशीचा खेळ खलास. पण एमसीएल-१ नावाचा बीसीएल-२ चा भाऊ शेजारीच टपलेला असतो, सुटलेलं बिम तो पकडतो आणि पेशी वाचते. ॲझासायटिडीनमुळे पेशीत नॉक्सा नावाचं प्रोटीन वाढतं आणि ते नेमकं या एमसीएल-१ लाच गुंतवून ठेवतं. म्हणून जोडीने द्यायचं, इंजेक्शन टाळायचा विचार डोक्यातून काढ.

२०२० मध्ये ४३१ पेशंटचा अभ्यास आला, सगळे कडक केमो न झेपणारे, काकांसारखे. नुसत्या ॲझासायटिडीनवर निम्मे लोक ९.६ महिन्यांपेक्षा जास्त जगले, जोडीवर तो आकडा १४.७. काका ठणठणीत होतील असं मी लिहिणार नाही, तुलाही खोटं आवडत नाही, पण हा फरक छोटा नाही.

पांढऱ्या पेशी खूप खाली जातील, तेव्हा ताप आला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नकोस, रात्रीच हॉस्पिटल गाठ. ग्रेपफ्रूट बंद, पपनसही त्याच जातीतलं, लांबच ठेवा. आणि काकूंच्या माहेरचे वैद्य जे चूर्ण पाठवतात ते डॉक्टरांना दाखवल्याशिवाय अजिबात नको, काकू रागावल्या तर माझं नाव सांग. व्होरिकोनॅझोल बंद केलं तर गोळीचा डोस परत बदलावा लागेल, तो डॉक्टरांनाच विचार, नेटला नको.

सेकंड ओपिनियनला इकडे आणायचं असेल तर आधी कळव, दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करून ठेवतो, नाहीतर आमचा हॉल आहेच. बोन मॅरोचा रिपोर्ट आला की फोटो पाठव, पूर्ण पान, मागच्या वेळसारखा अर्धा नको.

तुझा,
मंद्या