बाबा, त्या कंटेनरला इसार देऊ नका

उद्यमबाग, बेळगाव

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

परदेशातून पाने, पकडी, हातोड्यांचा कंटेनर मागवायला मुंबईच्या त्या दलालाला इसार द्यायचा म्हणून बाबा एफडी मोडणार आहेत, असं दादाकडून कळलं. बाबा, थांबा. फोनवर बोलायला घेतलं की तुम्ही म्हणता, "तू घाबरू नकोस, मी आहे पाठीशी." तुम्ही पाठीशी आहात म्हणून तर हे दुकान उभं आहे. पण या मालाला माझा नकार आहे. सरकारचा हुकूम हिंदी-इंग्रजीत आहे, म्हणून त्यातलं आपल्या कामाचं मराठीत लिहून पाठवते. सवडीने वाचा, आईलाही वाचून दाखवा.

तुम्ही निपाणीत पाने-पकडी विकत होता तेव्हा आयएसआयचा शिक्का असला तर चार गिऱ्हाईकं जास्त यायची, नसला तरी माल खपायचा. आता असल्या हाताच्या हत्यारांवर केंद्राची क्वालिटी कंट्रोल ऑर्डर, म्हणजे दर्जाच्या सक्तीचा हुकूम आहे. तिच्या यादीत जे हत्यार आहे त्यावर शिक्का हवाच. बनवणारा, बाहेरून आणणारा, साठवणारा, विकणारा, सगळे त्यात आले. म्हणजे माल गोदामात नुसता पडून असला तरी आपण गुन्हेगार. आयएसआयचा शिक्का देणारी सरकारी संस्था म्हणजे बीआयएस. तिच्या २०१६ च्या कायद्यात पहिल्या वेळेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा कमीत कमी दोन लाख दंड आहे, आणि तो दंड मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. अख्ख्या कंटेनरच्या दहापट किती होतात, ते तुम्हीच मांडून बघा.

दलाल म्हणतो, "सर्टिफिकेट आहे." त्याने पाठवलेले कागद मी नीट वाचले. एक आयएसओ ९००१ चा, म्हणजे कारखान्याच्या कारभाराचा आहे, दुसरा तिकडच्याच लॅबचा रिपोर्ट. इथे दोन्ही चालत नाहीत. परदेशातल्या मालासाठी बीआयएसचं लायसन्स लागतं, आणि ते बनवणाऱ्या कारखान्याच्या नावावर असतं. आपण कितीही पैसे भरले तरी आयात करणाऱ्याला ते मिळत नाही. कारखान्याने अर्ज करायचा, बीआयएसचा अधिकारी तिकडे जाऊन भट्टी, यंत्रं आणि तपासणीची सोय बघणार, नमुने मान्य लॅबमध्ये तपासले जाणार, वर दहा हजार डॉलरची बँक गॅरंटी. शिवाय प्रत्येक मानकाचं लायसन्स वेगळं: रिंग पान्याचं आयएस २०२९, पाइप पान्याचं आयएस ४००३, पकडीचं आयएस ३६५०. एकाच मालकाचे दोन कारखाने असले तरी दोघांचं वेगवेगळं.

आणि आपला कंटेनर कसला? मिक्स. पाने एका शेडमधले, पकडी दुसऱ्या, हातोडे तिसऱ्याच कुणाचे. त्यातल्या एकाचाही लायसन्स नंबर दलाल देत नाही.

त्याचं पुढचं बोलणं ऐकून तर मला रागच आला. म्हणे, माल न्हावाशेवा बंदराला उतरला की इकडेच शिक्के मारून घेऊ. लायसन्स नसताना शिक्का मारणं हा वेगळा गुन्हा आहे, बाबा. नाहीतर कागदावर 'मशिनरी पार्ट' लिहू म्हणतो. कस्टमने पेटी उघडली की माल जप्त, आणि निकाल लागेपर्यंत बंदराचं भाडं आपल्याच माथी. त्याला मला कारखान्याची भारतातली अधिकृत प्रतिनिधी म्हणूनही नेमायचं आहे. ती सही केली की न पाहिलेल्या कारखान्याची जबाबदारी माझ्यावर. ती मी करणार नाही.

पण समजा कायदा नसता, तरी मी हा माल घेतला नसता. त्याने पाठवलेला नमुन्याचा पाना मी शेजारच्या वर्कशॉपमध्ये लावून बघितला. पहिल्याच जोरात त्याचा जबडा पसरला. पोलाद कडक करायला तापवून पाणी देतात, ते बरोबर दिलेलं नाही. असा पाना नटावरून सुटला की फिटरच्या बोटांची सालं निघतात. हातोडा जास्त कडक झाला तर ठोकताना कपची उडून सरळ डोळ्यात जाते. मानकात कडकपणा मोजायला आणि पान्यावर पिळाचा जोर लावून बघायला सांगितलंय ते याचसाठी. मच्छे आणि उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांतली पोरं माझ्याकडून हत्यारं नेतात. बहुतेक खानापूर, चंदगडकडची, आपल्यासारख्याच घरांतली. त्यांच्या हातात असली वस्तू द्यायला माझं मन धजत नाही.

मग धंदा कसा चालणार, हा तुमचा प्रश्न बरोबर आहे. जालंधर आणि लुधियानाकडे शिक्क्याचा माल बनतो. तिथूनच मागवते आहे. नफा कमी सुटतो हे खरं, पण मोठ्या कारखान्यांचे खरेदीवाले हल्ली आधी लायसन्स नंबर विचारतात, आणि तो दाखवला की भावाची घासाघीस कमी होते. शिक्क्याजवळ सीएम/एल लिहिलेला नंबर असतो. मोबाइलवर 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकला की लायसन्स कुणाचं, कशासाठी आणि चालू आहे का, सगळं दिसतं. दादाला सांगते, तुमच्या फोनवर घालून देईल. तुम्हीच एकदा बघा, तुमची नजर माझ्यापेक्षा तयार आहे.

आई, ते पैसे तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेत. त्यांना हात लावू देऊ नकोस. धंद्याला भांडवल लागलं तर मी बँकेकडे जाईन.

दलालाचा फोन आला तर एवढंच म्हणा, "ज्या ज्या कारखान्याचा माल आहे, त्याचा सीएम/एल नंबर आधी पाठव." नंबर आले तर मी स्वतः तपासते आणि पुढचं बोलते. तोपर्यंत एक रुपयाही देऊ नका.

रविवारी सकाळच्या गाडीने येते. जालंधरच्या मालाची यादी घेऊन येईन, दर तुम्ही ठरवून द्या.

तुमची,
लेक