मन ‘वाचायला’ शिकवणारे लेख आणि मानसशास्त्राचे प्रत्यक्ष संशोधन

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत ‘समोरच्याच्या मनात काय चालले आहे ते कसे ओळखावे’, ‘देहबोलीवरून खोटेपणा कसा पकडावा’ अशा धर्तीचे लेख वरचेवर प्रसिद्ध होतात आणि ‘मानसशास्त्राने हे सिद्ध केले आहे’ असे वाक्य त्यांत कुठे ना कुठे असतेच. मी मानसशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका आहे. आपण इतरांना कसे समजून घेतो, त्यांच्या वागण्याची कारणे कशी लावतो आणि त्यांच्याविषयी मते कशी बनवतो, याचा अभ्यास करणारी ‘सामाजिक बोधन’ ही शाखा मी अनेक वर्षे शिकवली. दुसऱ्याच्या मनाविषयी आपला अंदाज वारंवार चुकतो आणि चुकताना आपल्याला त्याची शंकाही येत नाही, हा या शाखेच्या हाती लागलेला सर्वांत भक्कम निष्कर्ष आहे. त्याच शाखेचा हवाला देऊन वाचकांना ‘तुम्हीही मन वाचू शकता’ असे सांगितले जात असल्यामुळे हे पत्र लिहिणे मला आवश्यक वाटले.

खोटे पकडण्याच्या दाव्यापासूनच सुरुवात करते. चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो यांनी 2006 साली या विषयावरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात 24,000 हून अधिक व्यक्तींनी दिलेले निवाडे विचारात घेतलेले होते. कोणत्याही खास साधनाशिवाय, केवळ पाहून आणि ऐकून, खरे काय व खोटे काय हे ओळखण्यात माणसे सरासरी 54 टक्के वेळा यशस्वी ठरली. नाणे उडवून निवाडा केला तरी तो 50 टक्के वेळा बरोबर येतो, हे लक्षात घेतले म्हणजे या कौशल्याची खरी किंमत कळते. नजर चुकवणे, नाकाला हात लावणे यांसारख्या ‘खुणा’ शिकून घेतलेला वाचक घरी जाऊन आपल्याच माणसावर संशय घेणार असेल, तर त्या लेखाची काही जबाबदारी तो छापणाऱ्यावरही येते.

यावर कोणी म्हणेल की चेहरा वाचता येत नसला तरी समोरच्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले म्हणजे त्याचे मन कळते. मलाही तसेच वाटत असे आणि वर्गात मी तसे सांगतही असे. टाल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एपली या संशोधकांनी हीच समजूत 25 प्रयोगांमधून तपासली आणि 2018 साली निष्कर्ष मांडले. चेहऱ्यावरचा भाव ओळखणे, खरे आणि बनावट हसू वेगळे करणे, जोडीदाराची आवडनिवड सांगणे अशी वेगवेगळी कामे देऊन त्यांनी काही सहभागींना ‘समोरच्याच्या जागी स्वतःची कल्पना करा’ अशी सूचना दिली. तसे केल्याने अंदाज अचूक होईल, असे पूर्वचाचणीत बहुसंख्य लोकांनी सांगितले होते. प्रत्यक्षात मात्र अचूकता वाढल्याचा सातत्यपूर्ण पुरावा मिळाला नाही. एकंदरीत पाहता ती किंचित घटलीच आणि काही वेळा स्वतःच्या अंदाजावरचा विश्वास तेवढा वाढला. कल्पना करणाऱ्याचा आत्मकेंद्रितपणा कमी झाला खरा, पण त्याच्या जागी आलेली माहितीही तितकीच कच्ची होती. शेवटच्या प्रयोगात सहभागींना त्या व्यक्तीशी प्रत्यक्ष बोलून तिचे मत विचारून घेण्याची मुभा मिळाली, आणि अचूकता वाढली ती तिथे. विचारल्याने कळते आणि तर्क लढवून कळत नाही, ही गोष्ट कोणाला फार साधी वाटेल. परंतु ज्या लेखांबद्दल मी लिहीत आहे त्यांपैकी एकाही लेखात ‘विचारून पाहा’ हा सल्ला मला आढळलेला नाही.

आपण इतक्या खात्रीने चुकतो याचे कारण असे की मन शोधण्याची सवय आपल्यात फार खोलवर रुजलेली आहे. फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल यांनी 1944 साली एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण आणि एक लहान वर्तुळ इकडून तिकडे सरकताना दाखवणारी छोटी चित्रफीत तयार केली आणि ती पाहणाऱ्यांना फक्त काय घडले ते लिहायला सांगितले. पहिल्या गटातील 34 जणांपैकी एकानेच ते वर्णन निव्वळ भूमितीच्या भाषेत केले. बाकीच्यांना त्या आकृत्यांत भांडण, पाठलाग आणि भीती दिसली. जिथे मन नाही तिथेही ते पाहणारी ही दृष्टी, जिथे परिस्थिती बोलत असते तिथे स्वभावच पाहते. 1967 साली एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूचे व विरोधातले निबंध लोकांना वाचायला दिले. कोणती बाजू मांडायची हे लेखकाला नेमून दिले होते, असे स्पष्ट सांगितल्यावरही निबंधात जे लिहिले आहे तेच काही अंशी लेखकाचे खरे मत असावे, असा वाचकांचा कल राहिला. दहा वर्षांनी ली रॉस यांनी या प्रवृत्तीला ‘मूलभूत आरोपणदोष’ असे नाव दिले आणि पाठ्यपुस्तकांत तो सर्व मानवजातीचा दोष म्हणून शिकवला जाऊ लागला. पण जोन मिलर यांनी 1984 साली शिकागो आणि म्हैसूर येथील मुले व प्रौढ यांची तुलना केली, तेव्हा लहान वयात फारसा फरक दिसला नाही. वय वाढत गेले तसे अमेरिकी सहभागी स्वभावावर अधिक बोट ठेवू लागले, तर भारतीय सहभागी परिस्थितीचा आणि नातेसंबंधांचा अधिक उल्लेख करू लागले. म्हणजे ज्याला ‘मानवी स्वभाव’ म्हटले गेले त्याचा काही भाग तरी ज्या समाजात माणूस वाढतो त्या समाजाने घडवलेला होता. ‘संशोधक म्हणतात की माणसे अशी असतात’ असे लिहिताना ती माणसे कुठली होती, हे सांगणे म्हणूनच गरजेचे आहे.

आता एक उदाहरण आपल्या व्यवसायाशी थेट संबंधित असलेले. न्यूयॉर्कमध्ये 13 मार्च 1964 रोजी किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला. दोन आठवड्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने बातमी दिली की 38 नागरिक अर्ध्या तासाहून अधिक काळ हा हल्ला पाहत राहिले आणि हल्ला चालू असताना कोणीही पोलिसांना कळवले नाही. या बातमीने अस्वस्थ झालेल्या जॉन डार्ली आणि बिब लताने यांनी 1968 साली एक प्रयोग केला. ध्वनियंत्रणेवरून चाललेल्या चर्चेत एका सहभागीला अपस्माराचा (फिटचा) झटका आल्याचे ऐकू आले; आपण एकटेच ऐकत आहोत असे वाटणाऱ्यांपैकी 85 टक्के लोक मदतीसाठी गेले, आणखी चार जण ऐकत आहेत असे वाटणाऱ्यांपैकी 31 टक्के. प्रयोग काळजीपूर्वक केलेला होता आणि तो आजही वाचण्यासारखा आहे. पण 38 साक्षीदारांची ती गोष्ट त्याच्या गळ्यात कायमची पडली. नंतर कागदपत्रे तपासली गेली तेव्हा 38 जण खिडकीत उभे राहून पाहत होते याला आधार सापडला नाही, हल्ल्याचा काही भाग इमारतीच्या आत, कोणाच्याही नजरेआड घडला होता आणि एक शेजारीण धावत जाऊन त्या तरुणीला धरून बसली होती. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने स्वतः 2016 साली आपले मूळ वार्तांकन सदोष असल्याचे नमूद केले. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रिटन, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिकेतील रस्त्यांवरच्या 219 भांडणांचे कॅमेऱ्यातील चित्रण तपासले गेले, तेव्हा दहापैकी नऊ प्रसंगांत बघ्यांपैकी किमान एकाने तरी मध्ये पडून मदत केल्याचे दिसले. आणि बघे जितके जास्त, तितकी कोणीतरी पुढे येण्याची शक्यताही जास्त होती. ‘माणुसकी हरवली’ असा मथळा देणे सोपे असते. तो खोटा निघाल्यावर तो पुसून काढायला अर्धशतक लागते.

दोष केवळ वृत्तपत्रांचा आहे असे मी म्हणणार नाही, कारण आमच्या क्षेत्राने स्वतःही पुष्कळ काळ ढिलाई केली. वृद्धत्वाशी निगडित शब्द वाचल्यावर तरुण विद्यार्थी हळू चालू लागतात, असा जॉन बार्ग आणि सहकाऱ्यांचा 1996 सालचा प्रयोग जगभर शिकवला गेला. त्यातील प्रत्येक फेरीत अवघे 30 विद्यार्थी होते. 2012 साली स्तेफान दोयेन आणि सहकाऱ्यांनी चालण्याचा वेग हाताने न मोजता अवरक्त किरणांच्या साधनाने मोजला, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. विद्यार्थी हळू चालतील अशी अपेक्षा प्रयोग घेणाऱ्यांच्याच मनात निर्माण केली, तेव्हा मात्र तो पुन्हा दिसू लागला. अशा प्रयोगांवर शंका घेण्यास जागाच नाही, असे 2011 सालच्या आपल्या पुस्तकात लिहिणारे नोबेल विजेते डॅनियल कानेमान यांनी 2017 साली जाहीरपणे मान्य केले की अपुऱ्या नमुन्यांच्या अभ्यासांवर आपण नको तितका विश्वास टाकला. 2015 साली ब्रायन नोसेक यांच्या पुढाकाराने 100 प्रयोग पुन्हा करून पाहण्यात आले. मूळ निष्कर्षाच्या दिशेने संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय निकाल त्यांपैकी सुमारे 36 टक्क्यांतच मिळाला, आणि सामाजिक मानसशास्त्रातील प्रयोगांत हे प्रमाण आणखी कमी, साधारण एक चतुर्थांश होते. मला या घडामोडींचे दुःख झाले, पण त्याहून अधिक समाधान वाटले. कारण ही तपासणी बाहेरच्या कोणी लादलेली नव्हती, ती याच क्षेत्रातल्या लोकांनी हाती घेतली होती.

ज्या विषयामुळे हे पत्र लिहिण्याची निकड वाटली तो शेवटी मांडते. 1985 साली सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी बाहुल्यांच्या साहाय्याने एक चाचणी घेतली. एक बाहुली टोपलीत गोटी ठेवून बाहेर जाते, दुसरी ती गोटी पेटीत हलवते. परत आल्यावर पहिली बाहुली गोटी कुठे शोधेल, एवढाच प्रश्न होता. 20 स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांपैकी 16 जणांनी गोटी जिथे खरोखर होती ती जागा दाखवली, तर त्या गटाच्या तुलनेसाठी निवडलेल्या अन्य मुलांपैकी बहुतेकांनी बरोबर उत्तर दिले. हा अभ्यास महत्त्वाचा होता. पण 20 मुले, त्यांतही 4 जणांनी अचूक दिलेली उत्तरे आणि एकच चाचणी, या सगळ्याचे लोकप्रिय लेखनात ‘स्वमग्न मुलांना दुसऱ्याचे मन कळत नाही’ असे झाले आणि पुढे ‘त्यांना दुसऱ्याविषयी काही वाटत नाही’ येथपर्यंत ते घसरले. दुसऱ्याला काय ठाऊक आहे हे ओळखणे आणि दुसऱ्याच्या दुःखाने कळवळणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. अशा लेखाचे कात्रण हातात घेऊन, आपले मूल आपल्यावर कधी प्रेम करू शकेल का, असे विचारणाऱ्या एका आईसमोर मी बसले आहे. स्वतः स्वमग्न असलेले अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी 2012 साली या प्रश्नाची दुसरी बाजू मांडली: समजण्यातली अडचण दोन्हीकडून असते, कारण इतरांनाही स्वमग्न व्यक्तींचे मन सहज कळत नाही; मात्र उणीव फक्त एकाच बाजूच्या नावावर लिहिली जाते. ही मांडणी आपल्या पुरवणीत मी अद्याप वाचलेली नाही.

माझी विनंती मर्यादित आहे. सामाजिक बोधनावरील संशोधनाची बातमी देताना किती लोकांवर अभ्यास झाला, ते लोक कोण होते आणि तोच निष्कर्ष इतर कोणाला स्वतंत्रपणे मिळाला आहे का, हे बातमीतच लिहावे. त्यासाठी दोन-तीन वाक्ये पुरतात. निष्कर्ष अजून कोणी तपासलेला नसेल तर तसे स्पष्ट म्हणावे आणि ‘सिद्ध झाले’ हा शब्दप्रयोग टाळावा. एखादा निष्कर्ष पुढे टिकला नाही, तर ती बातमीही पहिल्या बातमीइतक्याच ठळकपणे छापावी. हळू चालणाऱ्या विद्यार्थ्यांचा प्रयोग आणि 38 साक्षीदारांची गोष्ट मी ज्यांना खात्रीने शिकवली, ते विद्यार्थी आता कुठे आहेत हे मला माहीत नाही आणि त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोहोचवण्याचा मार्ग माझ्याकडे उरलेला नाही. आपले वाचक मात्र उद्या सकाळी पुन्हा हेच वृत्तपत्र उघडणार आहेत.

आपली नम्र,
मानसशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका