केबल उपटण्याआधी थांबवलंत म्हणून

प्रिय ताई,

नाव लिहीत नाही. तुम्हाला आवडणार नाही, आणि ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

त्या रात्री पावणेदोनला मी फोन करून एका दमात सांगितलं, "फाइल सर्व्हर हॅक झालाय, केबल काढून फॉरमॅट मारतोय." तुम्ही झोपेतून उठल्या होतात, तरी आवाज शांत. "कशावरून?" एवढंच विचारलंत.

माझ्याकडे उत्तर होतं असं मला वाटत होतं. फायरवॉलच्या, म्हणजे नेटवर्कच्या पहारेकऱ्याच्या, लॉगमध्ये त्या सर्व्हरच्या डीएनएस क्वेरीजचा ('अमुक नावाचा पत्ता काय' अशा विचारणांचा) पाऊस पडत होता. नावं तरी कसली! आकडे आणि अक्षरांची तीस-चाळीसची माळ, टिंब, पुन्हा एक माळ, आणि शेवटी कधी न पाहिलेलं डोमेन. एक क्वेरी दुसरीसारखी नाही. उत्तरं १२७ ने सुरू होणारी, म्हणजे मशीनच्या स्वतःच्याच घरचा पत्ता. डीएनएस टनेलिंगबद्दल, म्हणजे अशा नावांत लपवून डेटा बाहेर पळवण्याबद्दल, कधीकाळी वाचलेलं सगळं एकदम आठवलं. त्यात शेजारचा सर्व्हर सबनेटमधल्या (नेटवर्कच्या त्याच भागातल्या) एकेका मशीनची ४४५, १३५, २२ नंबरची पोर्टं, म्हणजे आत यायची दारं, ठोठावत सुटला होता. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर पसरतं ते असंच, हे मी तुम्हालाच ऐकवलं. आता आठवलं की लाज वाटते.

तुम्ही म्हणालात, "सर्व्हरला बाहेर जायची वाट फायरवॉलवर बंद करा हवं तर. पण मशीन बंद करू नका, फॉरमॅट तर नाहीच. खरंच कोणी घुसला असेल तर त्याच्या खुणा मेमरीत आणि डिस्कवर असतील. कोण बोलतंय ते आधी बघू."

मी बघितलंच होतं. विंडोजचा रिसोर्स मॉनिटर क्वेरी पाठवणारा म्हणून एसव्हीसीहोस्टकडे (svchost.exe) बोट दाखवत होता, आणि विंडोजचीच प्रोसेस गुन्हेगार निघाल्यावर माझी उरलीसुरली हिंमतही गेली होती. तुम्ही हसलात. "अहो, तो पोस्टमन आहे. पत्र लिहिलं कोणी ते शोधा." विंडोजवर बहुतेक प्रोग्रॅम डीएनएसची क्वेरी स्वतः पाठवत नाहीत, डीएनएस क्लायंट सर्व्हिसला सांगतात, आणि ती एसव्हीसीहोस्टच्या आत चालते. इतकी वर्षं सर्व्हर सांभाळून हे माझ्या डोक्यात कधी शिरलं नव्हतं.

मग सिसमॉन हे मशीनवरच्या हालचाली नोंदवणारं मायक्रोसॉफ्टचं टूल टाकायला लावलंत. त्याचा २२ नंबरचा इव्हेंट मूळ प्रोसेसचं नाव सांगतो. इव्हेंट व्ह्यूअर उघडला, पहिलीच ओळ वाचली आणि दोन मिनिटं काही सुचेना. आपलाच अँटिव्हायरस! तिथेही तुम्ही मला घाईने सुटकेचा श्वास टाकू दिला नाहीत. "नावावर जाऊ नका, नाव कोणीही घेतं. फाइल कुठल्या फोल्डरमधून चालतेय आणि तिची डिजिटल सही कोणाची, ते बघा." दोन्ही बरोबर निघाल्यावरच तुम्ही पुढे बोललात.

त्या माळा म्हणजे फाइलींचे हॅश होते, फाइलीतल्या मजकुरावरून गणिताने काढलेले ठसे. अँटिव्हायरसला अनोळखी फाइल दिसली की तो ठसा डीएनएसच्या नावात गुंडाळून कंपनीच्या क्लाउडला विचारतो, आणि १२७ चं उत्तर हा निकालाचा कोड असतो. स्पॅम मेल पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीला विचारायची जुनी युक्तीही हीच, हे तुमच्याकडूनच कळलं. पण रात्रीच का? तुम्ही बॅकअपची वेळ विचारलीत. दीड. बॅकअप एकेक फाइल उघडणार, उघडली की रिअल-टाइम स्कॅन जागा होणार, त्याला ओळख पटली नाही की क्वेरी जाणार. लाखो फाइली. लॉगमध्ये क्वेरीजचा पाऊस सुरू झाल्याची वेळ आणि बॅकअप सुरू झाल्याची वेळ यांत मिनिटाचाही फरक नव्हता.

याच दरम्यान मी चाचरत कबूल केलं की फोन करण्याआधीच ते डोमेन ब्लॉक केलंय, आणि रात्रपाळीच्या लोकांच्या फाइली उघडायला वेळ लागतोय. तुम्ही रागावाल असं वाटलं होतं. तुम्ही फक्त म्हणालात, "मग स्कॅनर प्रत्येक फाइलीमागे उत्तराची वाट बघत बसला असेल. काढा तो नियम." काढला, आणि तक्रारी थांबल्या. म्हणजे त्या रात्री लोकांना खरा त्रास दिला तो मीच.

पोर्ट ठोठावणाऱ्याचं कोडं लवकर सुटलं. अपग्रेडनंतर अँटिव्हायरसच्या एजंटमधली 'असुरक्षित मशीन शोधा' (म्हणजे ज्यांवर अँटिव्हायरस नाही अशी) ही सोय चालू झाली होती, आणि शोध घ्यायचं काम त्याने नेमकं त्या शेजारच्या डेटाबेस सर्व्हरला दिलं होतं. सोय वाईट नाही. पण सर्व्हरवरून स्कॅनिंग सुरू करताना ॲडमिनला एका ओळीची सूचना द्यायला काय जातं? असो, ते काम आता एका साध्या डेस्कटॉपकडे दिलंय.

उपायातही तुम्ही मला सोपी वाट धरू दिली नाहीत. मी अख्खा डेटा फोल्डर स्कॅनमधून वगळायला निघालो होतो. तुम्ही फक्त बॅकअपची प्रोसेस वगळायला लावलीत, म्हणजे माणसं त्याच फाइली उघडतील तेव्हा स्कॅन होईलच. शिवाय एक गोष्ट मी विचारलीही नव्हती, ती तुम्ही दाखवलीत: ठसा पाठवणं वेगळं आणि संशयास्पद फाइलच नमुना म्हणून पाठवणं वेगळं. ते दुसरं सेटिंग आमच्याकडे चालू होतं, वर्ड-एक्सेलच्या फाइलींसकट! फाइल सर्व्हरवर पगाराची कागदपत्रं असतात. दुसऱ्याच दिवशी साहेबांशी बोलून कागदपत्रांपुरतं ते बंद केलं.

वगळलेल्या गोष्टींची वही तुम्ही सांगितलीत तशीच ठेवली आहे: काय वगळलं, का, कोणी, कधीपर्यंत. पहिली नोंद बॅकअपची आहे. 'का' च्या रकान्यात मी आधी 'ताईंनी सांगितलं म्हणून' असं लिहिलं होतं. तुम्ही ओरडाल म्हणून खोडून खरं कारण लिहिलंय.

तुमचा,
पावणेदोनचा फोनवाला